हृदयाच्या झडपेची दुरुस्ती : छत्रपती संभाजीनगरातील आमचा अनुभव

उसाच्या ट्रॅक्टरला अपघात होऊन स्टिअरिंग छातीवर आदळल्यानंतर आमच्या थोरल्या दादांना तालुक्याच्या दवाखान्यातून, एक्स-रेमध्ये फासळी शाबूत दिसताच, घरी पाठवण्यात आले. त्या वेळी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला असता तर दादांची पुढची तीन वर्षे वाया गेली नसती, असे मला आजही वाटते. पाय सुजू लागले, मानेच्या शिरा टरारून दिसू लागल्या, तेव्हा आम्ही संभाजीनगर गाठले.

तेथील सर्जननी केसपेपरच्या पाठीमागे चित्र काढून समजावले. उजव्या बाजूची त्रिदली झडप छातीच्या मधल्या हाडाच्या अगदी मागे असल्याने मुक्या माराचा दाब थेट तिच्यावर येतो, झडपेला धरून ठेवणारे दोर तुटतात आणि रक्त उलटे वाहू लागते. नवी झडप न बसवता त्यांनी तुटलेल्या दोरांच्या जागी गोरटेक्स या कृत्रिम पदार्थाचे धागे लावले, झडपेचा घेर आवळण्यासाठी कडे बसवले आणि हृदयाच्या कप्प्यात सलाइन भरून गळती थांबल्याची खात्री करून घेतली. स्वतःची झडप राखल्यामुळे धातूच्या झडपेसाठी जन्मभर घ्यावी लागणारी रक्त पातळ करणारी गोळी टळली, आणि शेतात कोयता हाताळणाऱ्या माणसासाठी ही गोष्ट फार मोलाची आहे.

नातेवाइकांना रात्री टेकायला जागा नव्हती, ही उणीव मात्र खरी. अतिदक्षता विभागातल्या सिस्टरांनी दादांना उशी छातीशी धरून खोकायला ज्या मायेने शिकवले, ते आम्ही विसरणार नाही.