मेल सर्व्हरचे पासवर्ड: लिनक्सची खाती की डेटाबेस?

पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा प्रोग्राम) आणि डवकॉट (मेलबॉक्स उघडून देणारा प्रोग्राम) यांवर स्वतःचा मेल सर्व्हर उभारताना पासवर्ड कुठे ठेवायचे, हे आधीच ठरवलेलं बरं. नंतर बदलायचं म्हणजे डोक्याला ताप.

पहिला मार्ग लिनक्सच्याच खात्यांचा. चार-पाच जणांच्या ऑफिसला तो पुरतो. रूटने (सर्व्हरच्या मुख्य खात्याने) 'पासडब्ल्यूडी' ही पासवर्ड बदलायची कमांड चालवली की झालं. पण शेल (कमांड टाकायची सोय) बंद केलं नसेल तर तोच पासवर्ड एसएसएचलाही, म्हणजे दुरून सर्व्हरवर लॉगिन करायलाही, चालतो, आणि हे मला अजिबात पटत नाही. एकाचा मेल पासवर्ड फुटला की थेट सर्व्हरचं दार उघडं! निदान शेल 'नोलॉगिन' (लॉगिन नाकारणारं) तरी कराच.

दुसरा मार्ग व्हर्च्युअल युजरचा, म्हणजे लिनक्सचं खातं नसलेल्या, फक्त मेलपुरत्या युजरचा. खाती मारियाडीबी या डेटाबेसच्या टेबलात, पासवर्ड हॅश करून (मूळ पासवर्ड परत काढता येणार नाही अशा रूपात). उभारणीला वेळ लागतो, पण पुढे सुख आहे. प्रत्येक हॅशच्या आधी महिरपी कंसात पद्धतीचं नाव लिहिता येतं, त्यामुळे जुने एसएचए512 आणि नवे बीक्रिप्ट पद्धतीचे हॅश एकाच टेबलात नांदतात. सगळ्यांना एकाच दिवशी पासवर्ड बदलायला लावावं लागत नाही. राउंडक्यूब या वेबमेलचं पासवर्ड प्लगिन जोडलं की लोक स्वतःच बदलतात, अ‍ॅडमिनला फोनवर पासवर्ड सांगायची वेळच येत नाही. एकाहून जास्त डोमेन असतील तर मी दुसरा विचारच करणार नाही.

पासवर्ड चोरीला गेल्याचा संशय असेल, तर दोन्हीकडे एक काम विसरू नका: नुसता बदलून आधीपासून उघडी असलेली आयमॅप (मेल वाचायची) कनेक्शन तुटत नाहीत. 'डवअ‍ॅडम किक' ही डवकॉटची कमांड चालवून त्या युजरला बाहेर काढा.