कोपनहेगन की स्टॉकहोम? हातात चारच दिवस असतील तर

युरोपच्या सहलीच्या शेवटी चार दिवस उरलेत, उत्तरेकडे एकच शहर जमेल, मग कोणतं? गेल्या वर्षभरात तिघाचौघांनी मला हे विचारलं. आम्ही दोन्ही शहरं पाहिली आहेत, कोपनहेगन एका जूनमध्ये आणि स्टॉकहोम पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये. बरोबर बायको आणि सत्तरी ओलांडलेली आई होती. आई मांस-मासे खात नाही, अंडं चालतं. आम्हा दोघांना सगळंच चालतं. कुणाबरोबर जाताय त्यावर तुमचं उत्तर वेगळं निघू शकेल.

आईच्या गुडघ्यांचा विचार केला तर कोपनहेगन सोपं, हे आधीच मान्य करतो. विमानतळावरून मेट्रोत बसलं की पंधरा मिनिटांत मध्यवस्तीत. न्यूहाउनचा रंगीत धक्का, तिवोली ही जुनी करमणूक-बाग, रोझेनबोर्गचा राजवाडा, सगळं थांबत-टेकत पायी होतं. १६४२ साली पुरा झालेला रुंडेटॉर्न हा गोल मनोरा तर आईला फार आवडला. आत जिना नाही, साडेसात वेढ्यांची विटांची चढण आहे. थोड्या पायऱ्या लागतात त्या अगदी वर गेल्यावर. ख्रिश्चियान्सबोर्ग या संसदेच्या राजवाड्याच्या मनोऱ्यावर लिफ्टने जाता येतं, तेही फुकट. फक्त पदपथाला लागून असलेल्या सायकलींच्या वाटेवर फोटो काढायला उभं राहू नका. तिथली माणसं कामावर निघालेली असतात आणि वेगात असतात.

खाण्यातही कोपनहेगन कमी नाही. स्मोरब्रॉड म्हणजे राय धान्याचा काळपट, आंबूस पाव, त्यावर लोणी आणि वर रचलेले पदार्थ. मी व्हिनेगर-साखरेत मुरवलेला हेरिंग मासा घेतला होता. आईसाठी उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, मेयोनीज आणि वर कुरकुरीत तळलेला कांदा असं मिळालं. तो पाव तिला भाकरीसारखा भरीव वाटला आणि तिने तो आवडीने संपवला. मात्र हे दुपारचं जेवण आहे. स्मोरब्रॉडच्या बऱ्याच जुन्या खानावळी संध्याकाळी बंद असतात. नॉरेपोर्ट स्टेशनजवळच्या टॉर्वेहालर्न बाजारात आम्ही दोनदा जेवलो आणि दोन्ही वेळा तृप्त झालो.

मग अडलं कुठे? पाण्यावर.

पहिल्याच दिवशी जेवायला बसलो आणि सवयीने पाणी मागितलं. पाण्याचा जग आला. बिलात तिघांच्या पाण्याचे वेगळे पैसे लागले होते. पाणी बाटलीचं नव्हतं, नळाचंच होतं. दुसऱ्या जागी तेच, तिसऱ्या जागीही तेच. सगळीकडे असं नसेल, आणि त्यांची बाजूही मला कळते: जागा, वाढणारा माणूस, ग्लास धुणं, सगळ्याचाच खर्च असतो. रक्कमही मोठी नव्हती. पण आपल्याकडे साध्या खानावळीतही मेन्यूच्या आधी पाण्याचा ग्लास समोर येतो. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, आईने पाणी मागणंच सोडलं होतं. रक्तदाबाची गोळी ती पर्समधल्या बाटलीतल्या पाण्याबरोबर, मान खाली घालून, टेबलाआड घेत होती. ते दृश्य माझ्या मनातून अजून जात नाही.

स्टॉकहोममध्ये दुपारी ‘डागेन्स’, म्हणजे त्या दिवसाचं जेवण, मिळतं. साधारण अकरा ते दोन, सोमवार ते शुक्रवार. ठरलेल्या किमतीत मुख्य पदार्थ, सॅलड, पाव, पाणी आणि शेवटी कॉफी. शाकाहारी पदार्थही बहुतेक ठिकाणी फळ्यावर लिहिलेला दिसला. पाण्याचे जग आणि ग्लास कोपऱ्यातल्या टेबलावर मांडलेले असतात, हवं तेवढं घ्या. आई पहिल्या दिवशी तीनदा उठून ग्लास भरून आली. कॉफीबरोबरचे वेलदोड्याचे बन सांगायलाच हवेत. स्वीडिश बेकरीचं दार उघडलं की आपल्या घरी श्रीखंडात वेलदोडा कुटून घालताना येतो तसा दरवळ येतो. मला मात्र राय धान्याच्या पिठात घोळवून लोण्यात तळलेली स्ट्रॉमिंग, म्हणजे बाल्टिक समुद्रातली छोटी हेरिंग, जास्त आवडली. बटाट्याचं भरीत आणि लिंगनबेरी या आंबट लाल फळांबरोबर ती बांगड्याची आठवण करून देते.

पाहण्यात वासा संग्रहालयाच्या तोडीचं मला कोपनहेगनमध्ये काही सापडलं नाही. १६२८ साली पहिल्याच प्रवासात, जेमतेम तेराशे मीटर जाऊन वासा नावाच्या युद्धनौकेचं हे धूड बुडालं. वाऱ्याने कललं आणि तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत शिरलं. १९६१ मध्ये वर काढलं तेव्हा लाकूड जवळजवळ शाबूत होतं, कारण लाकूड पोखरणारा समुद्री किडा बाल्टिकच्या कमी खारट पाण्यात तग धरत नाही. कोकणातल्या होडीवाल्यांना या किड्याचा जाच ठाऊक आहे. आम्ही दीड तासासाठी गेलो आणि चार तास थांबलो.

स्टॉकहोमचे तोटेही आहेत. आर्लांडा विमानतळ चाळीसेक किलोमीटर लांब. शहर चौदा बेटांवर पसरलेलं, आणि गामला स्तान या जुन्या शहराच्या दगडी गल्ल्यांत आईला हात धरून न्यावं लागलं. पण जुन्या शहराजवळच्या स्लुसेनहून वासा संग्रहालय असलेल्या यूर्गोर्देन बेटावर जाणारी फेरीबोट मेट्रोच्याच तिकिटावर चालते आणि तिकीट ७५ मिनिटं चालतं, त्यामुळे पाय दुखले की आम्ही बोटीत बसत होतो.

लहान मुलं बरोबर असतील, किंवा जेमतेम दोनच दिवस मिळणार असतील, तर कोपनहेगनला जा. तिवोलीची एक संध्याकाळ मुलं विसरणार नाहीत. चार दिवस असतील आणि घरातलं वडीलधारं माणूस बरोबर असेल, तर मी स्टॉकहोमचं तिकीट काढीन. त्यातले निदान तीन दिवस शनिवार-रविवार सोडून येतील असं बघा, नाहीतर डागेन्स हुकेल. जुलै शक्यतो टाळा. त्या महिन्यात बऱ्याच छोट्या खानावळी सुट्टीवर असतात.