इंजिनाचा मूळ ब्लॉक गेला आणि साडेदहा हजार डॉलरही गेले

दोन महिने कुणाला बोललो नाही, लाज वाटत होती. पण परवा आपल्या जुन्या गाड्यांच्या मंडळातल्या एकाने विचारलं की अरे तू इंजिन कुठे केलंस, मला पण मस्टँगचं करायचंय, आणि ज्याने मला फसवलं नेमका त्याच माणसाकडे तो जायला निघाला होता, म्हणून आता लिहितोच.

माझी गाडी शेवरलेची १९६९ ची शेव्हेल, एसएस ३९६, म्हणजे सुपर स्पोर्ट, ३९६ घनइंचाच्या इंजिनाची. डेट्रॉईटजवळ राहतो, ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांची ड्रीम क्रूझ असते तिथे ही गाडी न्यायची हे एवढंच डोक्यात होतं. निळा धूर यायला लागला होता, दोन सिलिंडरचं कॉम्प्रेशन बसलेलं. पर्याय तीन होते. नवंकोरं क्रेट इंजिन, कोट आला ११,२०० डॉलर. रिबिल्ट लाँग ब्लॉक, म्हणजे दुसरं दुरुस्त केलेलं जवळजवळ पूर्ण इंजिन, ६,३०० ला, पण त्यात आपलं जुनं इंजिन बदल्यात कोअर म्हणून त्यांच्याकडे जातं. आणि तिसरा, आपलाच ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा लोखंडी सांगाडा, खोलून, बोअर करून (सिलिंडर किंचित रुंद करून) परत भरायचा, ९,८५०. मी तिसरा घेतला आणि तो निर्णय आजही मला चूक वाटत नाही. ६९ ला एसएस हे नुसतं ऑप्शन पॅकेज होतं, व्हीआयएन, म्हणजे गाडीच्या ओळख नंबरवरून गाडी खरी एसएस आहे का ते कळत नाही. त्यामुळे ब्लॉकवर ठोकलेला नंबर गाडीच्या नंबराशी जुळणं हाच मोठा पुरावा. तोच जपायला मी स्वस्तातला पर्याय सोडला, आणि तोच गेला.

माणूस ओहायोतला, अडीच तासांवर. गोड बोलणारा, शेडमध्ये चार जुन्या गाड्या उभ्या. खोलायला २,५०० घेतले, ब्लॉक तासून देणाऱ्या मशीन शॉपचे म्हणून ३,२००, शेवटी पार्ट आणि मजुरी ४,१५०. कार्डने दिले तर तीन टक्के जास्त म्हणाला म्हणून सगळे झेलने, म्हणजे थेट बँकेतून बँकेत, पाठवले. टोइंगचे ६४० वेगळे. एकूण १०,४९०.

आता तो क्षण, जो रोज रात्री आठवतो. मंगळवार, मी ऑफिसात मीटिंगमध्ये, त्याचा मेसेज आला की ब्लॉकची वरची बाजू वाकडी आहे, डेक मारावा लागेल, म्हणजे ती तासून सपाट करावी लागेल, त्यात पुढच्या पॅडवरचा, म्हणजे नंबर ठोकायच्या सपाट जागेवरचा, नंबर जाईल, करू का? खाली फोटो, स्टँडवर धुतलेला ब्लॉक. मी फोटो मोठा करून पाहिला सुद्धा नाही. "ओके, गो अहेड" लिहून पाठवलं. पॅड सोडून डेक मारता येतो, चांगला मशीनिस्ट विचारल्याशिवाय ते करतो, हे मला माहीत नव्हतं. मी गाड्यांच्या ब्रेकच्या कामात वीस वर्षं काढलीत, पण मशीन शॉपचा माणूस नाही, आणि विश्वास टाकल्याशिवाय अशी कामं होतात तरी कशी?

गाडी घरी आली, मस्त चालली, म्हणून संशयही नाही. मग एका ओळखीच्या म्हाताऱ्या मेकॅनिकने लिफ्टवर घेऊन ब्लॉकवर टॉर्च मारला, चिंधीने ग्रीस पुसलं आणि मला बोलावलं. कास्टिंगची, म्हणजे ब्लॉक ओतल्याची तारीख, बी १७ २. बी म्हणजे फेब्रुवारी, १७ तारीख, शेवटचा आकडा वर्षाचा, म्हणजे १९७२. एकोणसत्तरच्या गाडीत बहात्तरचा ब्लॉक! तोच आकडा त्या फोटोत होता, घरी जाऊन बघितलं, स्पष्ट दिसतोय.

डाव कसा होता बघा. ३९६ चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ४.०९४ इंच. तीस हजारांश वाढवला की ४.१२४. १९७० पासून शेवरलेने बॅज ३९६ चाच ठेवून इंजिन ४०२ चं केलं, त्याचा बोअर ४.१२६. म्हणजे बिलावर "थर्टी ओव्हर" लिहून ४०२ चा ब्लॉक गळ्यात मारला तर पिस्टन मोजून पण चटकन शंका येत नाही. आणि नंबरचं पॅड तर तासून गुळगुळीत. कारखान्यातल्या पॅडवर पुढून मागे सरळ बारीक रेघा असतात, माझ्या पॅडवर गोल गोल खुणा आहेत.

फोन केला तर म्हणाला तुझ्या गाडीत हाच होता, आधीच कुणीतरी बदललेला असेल. खोलण्याआधीचा पॅडचा फोटो माझ्याकडे नाही. तो काढाच, नंबराशेजारी त्या दिवशीचं वर्तमानपत्र ठेवून काढा, ब्लॉकवरची कास्टिंग तारीख पण.

तिकडच्या पोलिसांनी सांगितलं ही सिव्हिल मॅटर आहे, म्हणजे दिवाणी कोर्टाचं काम, इकडचे म्हणाले काम जिथे झालं तिथे जा. मी म्हटलं अहो माझी वस्तू नेलीय, चोरी आहे ही, तर काउंटरवरची बाई म्हणे इंजिन तर आहे ना गाडीत? रिपोर्ट नंबर सुद्धा दिला नाही. बँकेत पाऊण तास होल्डवर, शेवटी एकच वाक्य, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. क्रेडिट कार्ड असतं तर डिस्प्यूट तरी टाकता आला असता, ते तीन टक्के म्हणजे तीनशे डॉलर सुद्धा नव्हते! मिशिगनमध्ये दुरुस्ती गॅरेजवाल्यांसाठी १९७४ चा कायदा आहे, लेखी एस्टिमेट, जुने पार्ट मागितले तर परत, पण काम पलीकडे झालं म्हणून इथल्या सरकारी ऑफिसने फाइल उघडलीच नाही, आणि तिथल्या ऑफिसला पाठवलेल्या दोन ईमेलना एक ऑटोमॅटिक उत्तर आलं, बस. पाच ठिकाणी टोलवलं मला, प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून तीच कथा सांगायची आणि समोरच्याने घड्याळ बघायचं. कर भरतो आपण, मग जायचं कुणाकडे?

मशीन शॉपचं बिल थेट मशीन शॉपकडून मागा, मेकॅनिकच्या कागदावरचं नको. ब्लॉकवर आपण स्वतः एखाद्या आतल्या कोपऱ्यात पंचने खूण करा, त्याला न सांगता. डेकचा विषय निघाला की काम तिथेच थांबवा आणि स्वतः जाऊन बघा, अडीच तास असोत नाहीतर पाच.

ओहायोत स्मॉल क्लेम्सची, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टाची मर्यादा ६,००० डॉलर आहे. फॉर्म भरलाय. वरचे ४,४९० सोडूनच दिलेत, आणि ब्लॉक कुठल्या गाडीत बसलाय देव जाणे.