पॅड.मा : चित्रफितीला ओवीसारखा पत्ता

ज्ञानेश्वरीवर दोन माणसे बोलत असली, की अध्याय आणि ओवीचा आकडा सांगताच दोघेही त्याच ओळीवर येतात. चित्रफितीबद्दल बोलताना ही सोय आपल्याला नसते. ‘ती बाई खिडकीशी उभी आहे ना, त्याच्या जरा नंतर’ अशा खुणा देत बसावे लागते. प्रायोगिक व्हिडिओकलेत अडचण आणखी वाढते, कारण तिथे पुष्कळदा धरून ठेवायला कथानकही नसते. ही कला इंटरनेटवर शोधू पाहणाऱ्या माणसाला मी सर्वांत आधी पॅड.मा या चित्रफितींच्या संग्रहाच्या संकेतस्थळाचे नाव सांगतो, ते एवढ्यासाठी की इथे प्रत्येक क्षणाला स्वतःचा पत्ता आहे.

पॅड.मा 2008 साली सुरू झाले. मुंबईतील मजलिस, पॉइंट ऑफ व्ह्यू आणि कॅम्प या संस्था, बंगळूरचा अल्टरनेटिव्ह लॉ फोरम आणि बर्लिनमधील एक गट यांनी मिळून ते उभे केले. शैना आनंद आणि अशोक सुकुमारन हे कॅम्पचे कलावंत या कामाशी पहिल्यापासून जोडलेले आहेत. नावातला ‘मा’ हा खरे तर मोरोक्को देशाचा इंटरनेटवरील प्रत्यय आहे. आपल्या कानाला मात्र त्यात पद्म ऐकू येते. पाहण्यासाठी पैसे लागत नाहीत आणि व्यापारी हेतू नसेल तर चित्रफिती उतरवूनही घेता येतात.

इथे काय मिळते हे आधीच समजून घेतले नाही, तर नव्या माणसाचा विरस होईल. तयार, पूर्ण झालेल्या कलाकृती एकापाठोपाठ एक पाहायच्या असतील तर केनेथ गोल्डस्मिथ यांनी 1996 मध्ये सुरू केलेले उबूवेब अधिक सोयीचे आहे. तिथे कलावंतांच्या नावांची साधी यादी समोर येते आणि नाव निवडले की काम सुरू होते. पॅड.माचा भर फूटेजवर आहे, म्हणजे चित्रपट किंवा कलाकृती घडवताना टिपलेल्या आणि संकलनात बहुधा गळून जाणाऱ्या तासन्‌तास लांबीच्या साहित्यावर. माहितीपटात दोन वाक्यांपुरता दिसणारा माणूस इथे अर्धा तास बोलत राहतो, मध्येच थांबतो, प्रश्न विचारणाऱ्यालाच उलट प्रश्न करतो. संकलकाने काय निवडले असते आणि काय सोडले असते याचा अंदाज बांधत पाहणे हा माझ्या मते या संग्रहाचा मोठा आनंद आहे.

आता त्या पत्त्याविषयी. चित्रफीत ‘एडिटर’ या मांडणीत उघडली की तिच्याखाली रंगीत पट्टी पसरलेली दिसते. या पट्टीत प्रत्येक फ्रेम दाबून एका पिक्सेलच्या रुंदीची उभी रेघ केलेली असते, त्यामुळे रात्रीचा प्रसंग काळसर पट्ट्यासारखा आणि समुद्रावरचा प्रसंग निळसर पट्ट्यासारखा, पाहण्याआधीच ओळखू येतो. पट्टीचे दुसरेही एक रूप निवडता येते. त्यात प्रत्येक फ्रेमच्या मधली फक्त एक उभी रेघ घेऊन त्या रेघा शेजारीशेजारी मांडलेल्या असतात. कॅमेरा एका दिशेने सावकाश फिरला असेल तर त्या पट्टीवर आपोआप लांबच लांब देखावा उमटतो. मूळ हेतू शोध सोपा करण्याचा असला, तरी या पट्ट्या मला स्वतंत्र चित्रांसारख्या वाटतात आणि कित्येकदा त्या पाहूनच पुढे कोणती चित्रफीत उघडायची हे मी ठरवतो.

याच पट्टीवर सुरुवात आणि शेवट ठरवून कोणताही तुकडा निवडता येतो आणि त्या तुकड्याच्या वेळा थेट दुव्यात उतरतात. तो दुवा मित्राला पाठवला की तो त्याच क्षणावर पोचतो. शेजारच्या रकान्यात त्या त्या क्षणाला जोडलेली टिपणे असतात : बोलण्याची संहिता, दृश्याचे वर्णन, स्थळ, विषयशब्द. काही टिपणे एका ओळीची आहेत, तर काही चांगली निबंधाएवढी. जुन्या पोथीत मधोमध मूळ श्लोक आणि भोवती टीका असते, तशी ही मांडणी आहे. ती वाचता वाचता चित्रफीत पाहिली की घाईने पुढे सरकवण्याची सवय हळूहळू सुटते, हा माझा अनुभव आहे.

सुरुवात कुठून करावी असे विचाराल तर ‘खिडकीयां’पासून. 2006 मध्ये शैना आनंद यांनी दिल्लीच्या खिडकी एक्स्टेन्शन या वस्तीत हा प्रयोग केला. घरे आणि दुकाने अशा वेगवेगळ्या ठिकाणी दूरचित्रवाणी संच ठेवून त्यांवर साधे पाळतीचे कॅमेरे आणि ध्वनिग्राहक बसवले आणि केबलने ते सारे एकमेकांना जोडले. पडद्याचे चार भाग झाले आणि शेजारीपाजारी एकमेकांना पाहत बोलू लागले. कॅमेऱ्यामागे कोणी माणूस नाही, मुलाखत घेणाराही नाही. टाळेबंदीत आपण सगळेच अशा चौकटींत बसून बोललो, म्हणून आज हे दृश्य ओळखीचे वाटते; पण ज्या यंत्राने पाळत ठेवायची तेच गप्पांसाठी वापरण्याची ही कल्पना त्या काळात किती वेगळी होती हे ध्यानात घेतले पाहिजे.

त्यानंतर कॅम्पचे ‘फ्रॉम गल्फ टु गल्फ टु गल्फ’ हे 2013 सालचे काम पाहावे. कच्छच्या आखातातून पर्शियाच्या आणि एडनच्या आखातांकडे जाणाऱ्या लाकडी जहाजांवरच्या खलाशांनी आपापल्या मोबाइलवर टिपलेले तुकडे त्यात गुंफलेले आहेत आणि त्यांवरची गाणीही खलाशांच्याच आवडीची आहेत. फुटक्या पिक्सेलांतून दिसणारा समुद्र इतका सुंदर असू शकतो हे मला या कामाने दाखवले. सुमारे 83 मिनिटांचे हे काम एका बैठकीत पाहावे; तुकड्यांत पाहायची गोष्ट ती नाही.

अशा संग्रहाची गरज मुंबईला विशेष आहे. चित्रकार अकबर पदमसी यांनी 1969 च्या सुमारास नेहरू फेलोशिपच्या पैशांतून मुंबईत व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप चालवले. चित्रकारांच्या हाती कॅमेरा देणाऱ्या त्या कार्यशाळेत नलिनी मलानी यांनी आपले सुरुवातीचे प्रयोग केले. स्वतः पदमसींनी तेव्हा केलेल्या ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ या चित्रपटाची एकच प्रत होती आणि ती हरवली. चित्रकाराचा कॅनव्हास निदान कुणाच्या तरी भिंतीवर राहतो, फिल्मची एकमेव प्रत मात्र एका प्रवासात नाहीशी होऊ शकते. म्हणून पॅड.मावर एखादी कच्ची, हलणारी, आवाज नीट न आलेली चित्रफीत दिसली तरी तिच्याबद्दल तक्रार करावीशी मला वाटत नाही.

मर्यादा सांगितल्याच पाहिजेत. ही मांडणी मोठ्या पडद्यासाठी आहे. पट्टी, टिपणे आणि चित्र एकत्र पाहायचे तर संगणकच हवा. पहिल्या पानावर हात धरून नेणारी वाट नाही, त्यामुळे शोधाच्या चौकटीत एखादे गाव, एखादा व्यवसाय किंवा ‘गिरणी’ अशा शब्दाचा इंग्रजी पर्याय घालून सुरुवात करणे उत्तम. हा इंग्रजी पर्याय घालावा लागणे हीच मला सर्वांत खटकणारी बाब आहे. टिपणे बहुतांशी इंग्रजीत आहेत, त्यामुळे चित्रफितीत माणसे मराठीत बोलत असली तरी त्यांचे शब्द देवनागरीत शोधायला गेले की हाताला फारसे लागत नाही. मुंबईत जन्मलेल्या संग्रहात मुंबईचे बोलणे भाषांतरातूनच सापडावे, ही उणीव लहान नाही.

ती भरून काढण्याची जागा मात्र याच रचनेत आहे, कारण टिपणांचा रकाना देवनागरीलाही तितकाच मोकळा आहे. मराठीच्या आणि माध्यमविद्येच्या विद्यार्थ्यांनी एखादी मुलाखत निवडून तिच्यातले बोलणे जसेच्या तसे उतरवावे, बोलणाऱ्याची लकब, गावाकडची क्रियापदे आणि अर्धवट सोडलेली वाक्ये यांसकट. दहा मिनिटांच्या बोलण्याला एक संध्याकाळ सहज लागेल.