एचईक्यू५ माउंटच्या नावाखाली माझे ५७,०५० रुपये गेले

एचईक्यू५ म्हणजे दुर्बीण ताऱ्यांमागं फिरवणारं मोटारीचं स्टँड, त्यालाच माउंट म्हणतात. आधी रक्कम सांगून टाकतो, कारण घरात ती सांगायला मला अकरा दिवस लागले. ५,००० टोकन, ४१,००० माल पाठवण्याआधी, ६,८५० विम्याचे आणि ४,२०० राज्याची हद्द ओलांडायचे. एकूण ५७,०५०. बायकोला मी आधी छत्तीस हजार म्हणून सांगितलं होतं. तेही खोटंच. त्याची लाज वेगळी.

लिहिण्याचं कारण एवढंच की जुनं माउंट विकतो म्हणून माझे पैसे घेतलेला माणूस अजून विकतोय. आणि तो आपल्यातल्याच लोकांना गाठतोय, ज्यांना गाइडिंग, म्हणजे फोटो चालू असताना दुर्बीण ताऱ्यावर अचूक धरून ठेवणं, काय असतं ते कळतं.

मी काही मोबाइल हातात आला म्हणून पैसे उधळणारा माणूस नाही. बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर वीस वर्षं काढली. आर्मीवाल्याची बदली झाली, गाडी स्वस्तात द्यायची आहे, असले मेसेज मी दोन ओळींत ओळखतो आणि ब्लॉक करतो. पार्ट-टाइम जॉब, लाइक करा पैसे मिळवा, हे सगळं ऐकून आहे. हे त्यातलं वाटलंच नाही.

माझ्याकडं आधी घरी केलेला, कॅमेरा ताऱ्यांमागं फिरवणारा बार्न डोअर ट्रॅकर होता. दोन फळ्या, एक बिजागरी, बिजागरीपासून २२८.५ मिलिमीटरवर एम६ चा स्टड, मिनिटाला एक फेरा. ५० मिलिमीटरच्या लेन्सला तो दोन मिनिटं सहज धरतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-ॲटलस धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेला दिसत होता, तेव्हा येळ्ळूरच्या राजहंसगडावर जाऊन ढगांच्या फटीतून मी ट्रॅकरवरून त्याचे फोटो घेतले. शेपूट आली, पण लेन्स २०० ची लावली की तारे लांबट. फळीच्या ट्रॅकरचं तेवढंच. त्या रात्री गडावरून उतरतानाच ठरवलं की आता खरं माउंट घ्यायचं.

जांबोटीकडं आमचं जुनं घर आहे. तिथल्या परड्यात मी तीन महिने रविवार घालवून पत्र्याचं सरकतं छप्पर केलं होतं. खाली अँगलचे रूळ, त्यावर गेटची चाकं. मधोमध सहा इंची पाइप काँक्रीट भरून पुरला. माउंट बसवायची ॲल्युमिनियमची प्लेटही कारखान्यात सुट्टीनंतर थांबून टर्न करून आणली. माउंट हातात यायच्या आधीच. पावसाळा गेला की जांबोटीचं आकाश कसं असतं ते तिकडं राहिलेल्यालाच ठाऊक. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, एवढेच दिवस आपले. ३० नोव्हेंबर आणि १ डिसेंबरची अमावस्या शनिवार-रविवारी येत होती. मृगाचा तेजोमेघ मला त्या रात्री काढायचा होता. घाई कुठून आली ते आता कळलं असेल.

नवीन एचईक्यू५ लाखाच्या वर जातं. या माणसाची जाहिरात जुन्या दुर्बिणी विकण्या-घेण्याच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर १२ नोव्हेंबरला आली. स्काय-वॉचरचं एचईक्यू५ प्रो, गाइडस्कोप आणि गाइड कॅमेऱ्यासकट ५६,०००. पुण्यात राहतो म्हणाला. माउंट त्याचं नव्हतं, थोरल्या भावाचं. भाऊ मार्चमध्ये गेला. वहिनीला ते सामान डोळ्यासमोर नको आहे.

बोलणं असं की कुणालाही विश्वास बसावा. "दादा, भाऊंनी हे लेकरासारखं सांभाळलंय, माणूस बघून द्यायचंय." मी विचारलं, माउंट फिरवणाऱ्या दातेरी चाकाला, वर्म व्हीलला, दात किती? दोन मिनिटांत उत्तर आलं, १३५, पिरियड, म्हणजे वर्मच्या एका फेऱ्याला, ६३८ सेकंद. बरोबरच आहे ते. पीएचडी२ या गाइडिंगच्या सॉफ्टवेअरचा आलेख मागितला, आला. त्यावर मी विश्वास टाकला. पण ही सगळी माहिती कुणालाही शोधून मिळते आणि आलेख तर कुणाचाही उचलता येतो, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. माणसाला विषय कळतो म्हणजे वस्तू त्याच्याकडं आहे, असं नसतं.

व्हिडिओ कॉल करा म्हणालो असतो तर तिथंच उघडं पडलं असतं. पण मी तसं म्हणालोच नाही. घरात माणूस गेलेला, वहिनी तिथं असणार, त्यांच्यासमोर भावाची वस्तू फिरवून दाखवा असं कसं म्हणायचं? यात माझं चुकलं असं मला आजही पूर्ण वाटत नाही. त्यानं मयत माणसाचा आडोसा घेतला, हा त्याचा हलकटपणा.

पण व्हिडिओचं मला खातंय.

चाळीस सेकंदांचा व्हिडिओ त्यानं पाठवला. माउंट ट्रायपॉडवर उभं, मोटरी चालू, ताऱ्यांमागं फिरणारा मुख्य अक्ष, आरए, हळूहळू वळतोय. आवाज स्वच्छ. मी तो किमान तीस वेळा बघितला असेल. बेअरिंग वाजतंय का, गिअरमध्ये खडखड आहे का, कान लावून. माझा धंदाच तो. आणि माउंट सरळसोट वर तोंड करून उभं आहे, हे मला पहिल्याच वेळी दिसलं होतं. दिसलं होतं, असंच लिहितो.

ज्यांनी आपल्याकडं इक्वेटोरियल माउंट लावलंय त्यांना सांगायला नको. ध्रुवतारा जितका उंच तितके अक्षांश, आणि माउंटचा अक्ष तेवढाच वर उचलायचा. बेळगाव जवळजवळ १६ अंशांवर. ध्रुव इथं क्षितिजाला टेकल्यासारखा, समोर एखादं नारळाचं झाड आलं की संपलं. त्यामुळं आपल्याकडचं माउंट आडवं पडल्यासारखं दिसतं, समतोलाच्या वजनाचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला लागेल की काय अशी भीती असते. म्हणून तर मी पाइप पुरला. पुणे साडेअठरावर. तिथंही माउंट आडवंच दिसणार. व्हिडिओतलं माउंट अर्ध्याहून जास्त वर उचललेलं होतं.

मनात आलं आणि मीच त्याला उत्तर दिलं: भाऊ गेल्यावर कुणीतरी आवरून ठेवताना स्क्रू फिरवला असेल.

पैसे गेल्यावर, २० तारखेला रात्री, पुतण्यानं तोच व्हिडिओ थांबवून मोठा केला. बाजूच्या अक्षांशाच्या पट्टीवर काटा बोट ठेवून दाखवला. "काका, हा आकडा ५२ का आहे?" मग खाली फरशीवर बघितलं तर पॉवर ॲडॅप्टरचा प्लग चौकोनी जाड पिनांचा, ब्रिटिश. ५२ अंशांवर भारतातलं कुठलंच गाव नाही, आपला देश ३७ च्या थोडा पुढं संपतो. कुणा इंग्रजाचा व्हिडिओ उचलला होता. मोटारीचा आवाज ऐकत बसलो आणि आकडा वाचला नाही. गल्लीतल्या पोरांना ध्रुवाची उंची आणि अक्षांश मीच शिकवतो, कंपासपेटीतल्या कोनमापकाला ओळंबा बांधून. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

आता पैसे कसे गेले ते. १४ तारखेला ५,००० टोकन. यूपीआयवर नाव भलतंच दिसलं, "वहिनींच्या भावाचं खातं आहे दादा." पडद्यावर दिसणारं नाव आणि बोलणाऱ्याचं नाव जुळत नसेल तर तिथंच थांबा, नातं कुठलंही सांगू दे. १६ ला ४१,०००. उरलेले दहा हजार माल बघून द्या, असं तोच म्हणाला, आणि त्या एका वाक्यावर मी एक्केचाळीस हजार सोडले. १८ ला ट्रान्सपोर्टची पावती आली, त्यासोबत विमा ६,८५०, डिलिव्हरीला परत मिळणारा. परत मिळणारे पैसे म्हणून कुणी मागितलं की समजा गेले.

शेवटचे ४,२०० मला सगळ्यात जास्त झोंबतात. १९ ला संध्याकाळी फोन, "दादा, गाडी कोगनोळी नाक्यावर अडवली, कर्नाटकात घ्यायला परमिट लागतं म्हणतात." निपाणीच्या पलीकडच्या माणसाला हे पटलं नसतं. आम्हाला पटतं. कोविडमध्ये कोगनोळीला रिपोर्ट दाखवल्याशिवाय सोडत नव्हते, सीमेवरून वातावरण तापलं की तिथंच गाड्या थांबतात. आमच्या आयुष्यात तो नाका कायम अडवणाराच. म्हणून दिले. त्यानं माझा पत्ता बघून हे रचलं, याची मला खात्री आहे. सगळ्यांनी ऐका: जीएसटी २०१७ मध्ये आला तेव्हाच विक्रीकराचे नाके उठले. मालवाहतुकीचं ई-वे बिल ऑनलाइन निघतं, त्याला फी नाही.

२० ला फोन बंद. डीपी गायब.

आणि इथून पुढं जे झालं त्याचा राग मला चोरापेक्षा जास्त आहे. २१ ला सकाळी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन लावला. तुम्ही पैसे गेल्या गेल्या, त्याच तासात लावा, घरच्यांना काय सांगू याचा विचार नंतर करा. पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येतो तो तेवढ्यातच. मी रात्रभर भिंतीकडं बघत बसलो होतो. तक्रारीचा नंबर मिळाला. बँकेत गेलो तर, "पिन तुम्हीच टाकला ना?" एवढं बोलून काउंटरवरच्या माणसानं पुढच्याला बोलावलं.

ठाण्यात गेलो. पैसे पुण्यात गेले, पुण्यात जा. पुण्याला फोन केला, तुम्ही कर्नाटकात राहता, तिथंच द्या. एरवी आम्हा सीमाभागातल्या लोकांवर दोन्हीकडून हक्क सांगतात. तक्रार घ्यायची वेळ आली की आम्ही कुणाचेच नाही. परत इथल्या ठाण्यात. अर्ज मराठीत होता, कन्नडमध्ये आणा म्हणाले. माझं कन्नड बोलण्यापुरतं आहे, लिहिता येत नाही. कोर्टाजवळच्या टायपिस्टला १५० रुपये दिले. दुसऱ्या दिवशी साहेब नव्हते, "नाळे बन्नी", उद्या या. त्याच्या पुढच्या दिवशी बंदोबस्त, नाळे बन्नी. पाच खेपा, पाच अर्ध्या रजा. पाचव्या खेपेला एकानं अर्ज वाचून विचारलं, दुर्बिणीच्या स्टँडला छप्पन्न हजार कोण देतं? सगळ्यांसमोर. जणू वस्तू न कळण्यासारखी असली की चोरी कमी होते. शेवटी नोंद झाली ती "कॅमेरा स्टँड" अशी.

हद्दीचं कारण सांगून तुम्हाला परत पाठवता येत नाही, हे मला नंतर एका वकिलानं सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ बघा. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, दखलपात्र असेल तर माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे. हे आकडे कागदावर लिहून खिशात ठेवूनच जा. मला आधी माहीत असते तर तीन खेपा वाचल्या असत्या. जाताना स्क्रीनशॉट छापून न्या, यूटीआर नंबर, म्हणजे बँकेचा व्यवहार क्रमांक, प्रत्येक व्यवहाराचा वेगळा लिहा.

आणि जुनं माउंट घेणार असाल तर तुमचं नाव आणि आजची तारीख कागदावर लिहून तो कागद अक्षांशाच्या पट्टीशेजारी धरलेला व्हिडिओ मागा. घरात कुणी गेलेलं असलं तरी मागा. खरा माणूस रागावणार नाही. जमलं तर रात्रीची गाडी पकडून स्वतः जाऊन बघा, पुण्याचं तिकीट ४१,००० पेक्षा स्वस्त आहे.

तक्रार अजून "प्रक्रियेत" दाखवते. अमावस्येला मी जांबोटीला गेलो होतो. आकाश स्वच्छ होतं, मृग निघाला होता. पाइपवरच्या प्लेटला प्लॅस्टिकची पिशवी बांधली, छप्पर बंद केलं आणि शेवटची एसटी धरली.

व्हिडिओची खूण सांगतो. वजनाच्या दांड्यावर टोकाला निळी चिकटपट्टी दोन वेढे, मागं करड्या रंगाचा लाकडी दरवाजा, खाली चौकोनी पिनांचा प्लग, काटा ५२ वर. हाच व्हिडिओ कुणाला आला असेल तर पैसे पाठवू नका, समोरच्याला ओळखलं असं कळू देऊ नका, त्याचा नंबर आणि यूपीआय आयडी टिपून ठेवा आणि मला कळवा. दोन-तीन जणांच्या तक्रारी एकत्र गेल्या तर निदान त्यांना ती कॅमेरा स्टँड म्हणून बाजूला टाकता येणार नाही.