15 लिटरचा गिझर, लातूरचं बोअरचं पाणी आणि 350 रुपयांचा रॉड

दोन वर्षांपूर्वी याच गिझरला मी एक स्टार दिला होता. आज तीन देतोय. राग अजून आहे, पण आता तो गिझरवर नाही.

आमच्याकडे सगळा कारभार बोअरवर. बादलीला पांढरे पट्टे, शॉवरची भोकं महिन्यात बुजलेली. पहिलं वर्ष तक्रार नव्हती. 2000 वॅटची कॉइल, थंडीत वीसेक मिनिटांत पाणी कडक. दुसऱ्या हिवाळ्यात आतून खदखद आवाज यायला लागला, दोन बादल्यांच्या जागी दीडच निघायला लागली. एका पहाटे बटण दाबलं की ईएलसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) खाली. सर्व्हिस सेंटरने फोनवरच सांगितलं, पाणी खारं आहे, वॉरंटीत बसत नाही. तेव्हा तो एक स्टार दिला.

बाहेरच्या मिस्त्रीने उघडलं तर अर्धी बादली क्षाराच्या खपल्या निघाल्या. थराखाली कॉइल तापून चिरली होती. 900 रुपयांत नवी बसली, गिझर पुन्हा पहिल्यासारखा. इथवर दुरुस्तीच करावी, नवा घेऊ नये.

पण रॉड! टाकीत मॅग्नेशियमचा एक रॉड असतो. पाणी टाकीच्या लोखंडाऐवजी त्याला खातं, तो संपला की टाकीची पाळी. सेंटरच्या माणसाने दर वर्षी सर्व्हिसिंगचे पैसे घेतले, रॉड एकदाही काढून पाहिला नाही. मिस्त्रीनेही नाही, आणि मला तर तो असतो हेच ठाऊक नव्हतं. पुढच्या पावसाळ्यात गरम पाणी तांबूस यायला लागलं, मग खालून थेंब. पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून चार थेंब पडले तर घाबरू नका, पाणी फुगतं म्हणून पडतात. आमचे थेंब बॉडीच्या तळातून होते, गिझर बंद असतानाही. म्हणजे टाकी सडली, तिला इलाज नाही. उघडलं तेव्हा रॉडची नुसती तार उरली होती. 350 रुपयांच्या वस्तूपायी 7,500 गेले. हे कुणी आधी सांगितलं असतं तर हाच गिझर आज चालू असता.

(कुणाच्याही गिझरच्या नळाला झिणझिण्या आल्या तर त्या क्षणी मेन बंद करा, अर्थिंग तपासल्याशिवाय अंघोळ नको.)

नवा गिझर त्याच कंपनीचा घेतला. दिवाळीआधी समोर उभं राहून रॉड काढायला लावला. अंगठ्याएवढा होता, वर्षात करंगळीएवढा झालाय. पुढच्या दसऱ्याला बदलणार. नवा आत्ताच आणून माळ्यावर ठेवलाय.