हॉस्टेल की घरूनच शाळा?

गंगाखेडहून ताईचा फोन आला. भाचा सातवीत, डायरीत लाल शाईचा तिसरा शेरा: 'वर्गात मारामारी'. दाजी म्हणतात, लातूरच्या हॉस्टेलात टाकू, सरळ होईल. ताईचा जीव होत नाही.

हॉस्टेलच्या फ्लेक्सवरची 'कडक शिस्त' आधी बाजूला ठेवा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारायला बंदी आहे आणि आठवीपर्यंत लेकराला शाळेतून काढताही येत नाही. त्यामुळं 'दाखला घेऊन जा' या धमकीला भिऊन निर्णय नको.

खर्चात हॉस्टेल जड. फी, मेस, वर भेटायला जायचं भाडं. सगळं सोयाबीनच्या पैशात बसवायचं.

मेहनत मात्र घरीच जास्त. दर शनिवारी वर्गशिक्षकांना भेटायचं, तेही पोरासमोर गाऱ्हाणी न उगाळता. ताईनं दोनदा केलं तेव्हा कळलं की भांडण मधल्या सुट्टीनंतरच होतं, एकाच पोराशी, तो 'चष्मिश' म्हणतो म्हणून. सरांनी बाक बदलला. पन्नास पोरं सांभाळणाऱ्या रेक्टरला हे कधी कळलं असतं?

फरक टिकण्याचं म्हणाल तर हॉस्टेलात उठण्या-झोपण्याला वळण लागतं, मोबाईल सुटतो, हे खरं. पण दिवाळीला घरी आलं की पहिले पाढे पंचावन्न, हेही पाहिलंय.

घरात रोजची दारू-भांडणं असतील आणि पोरगं स्वतः जायला तयार असेल तर हॉस्टेल बरं. आई-बाप ऊसतोडीला जात असतील तर गावातलं हंगामी वसतिगृह आधी बघा. बाकी ताईसारख्यांनी शनिवार मोकळा ठेवावा. दाजींनीसुद्धा.